सातारकर काका, तेंडुलकरांकडे डिग्री नव्हती पण तालमीची खोली होती

काका, नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेला खालीच चार ओळी लिहिणार होते पण लिहिता लिहिता वाढलं, म्हणून वेगळी पोस्ट टाकतेय. ज्यांनी आधीचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते, इंग्लंडमध्ये मी क्रिएटिव्ह रायटिंग आणि ड्रामा हे दोन विषय एकत्र घेऊन डिग्री केली, तिकडे याला जॉइंट ऑनर्स म्हणतात, त्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर काकांचं म्हणणं असं की लेखन शिकवून येत नाही, विजय तेंडुलकर, महेश एलकुंचवार, सतीश आळेकर हे नाटककार कुठल्या विद्यापीठात नाटक लिहायला शिकले? दोन विषय एकदम घेतले की एक ना धड भाराभर चिंध्या. आणि असले लेख वाचून त्यांच्या कराडच्या भाचीच्या डोक्यात हे खूळ शिरलंय, तिच्या आईवडिलांनी पैसे आणायचे कुठून, आणि शिकून पोटापाण्याचं काय.

तुम्ही इतकी वर्षं राज्य नाट्य स्पर्धेत सेट उचलण्यापासून दिग्दर्शनापर्यंत सगळं केलंय, तुम्हाला वरवरचं उत्तर देणं मला पटत नाही.

तेंडुलकरांनी डिग्री घेतली नाही हे खरंच आहे, शाळासुद्धा अर्धवट सुटली होती त्यांची. पण ते घरात एकटे बसून नाटककार झाले असं नाही ना काका. साठच्या दशकात विजया मेहता, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू अशी मंडळी मुंबईच्या 'रंगायन' या नाट्यसंस्थेत जमली होती आणि तेंडुलकर त्यांच्यातलेच एक होते, म्हणजे लिहिलेलं वाक्य कसलेल्या नटांच्या तोंडून ऐकायची सोय हाताशी होती. एलकुंचवार नागपुरात इंग्रजी शिकवायचे, पण त्यांच्या सुरुवातीच्या एकांकिका विजयाबाईंनी हातात घेतल्या आणि मग चक्र फिरलं. आळेकर तर बायोकेमिस्ट्रीचे, पुण्याच्या बीजे मेडिकल कॉलेजात नोकरीला, पण संध्याकाळी पीडीए आणि 1973 नंतर थिएटर अकॅडमी या नाट्यसंस्था, स्वतः दिग्दर्शन करायचं, स्वतः उभं राहायचं, लेखक नट दिग्दर्शक सगळं एकाच माणसात. आणि काका, नाटकाच्या डिग्रीशिवाय नाटककार झालेला हाच माणूस 1996 पासून 2009 पर्यंत पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचा, म्हणजे जिथे नाटक शिकवतात त्या विभागाचा, प्रमुख होता! विद्यापीठात नाटक शिकवणं फुकट आहे असं त्यांना वाटलं असतं तर एवढी वर्षं त्यांनी तिथे घातली असती का?

मला म्हणायचंय ते एवढंच की नाटक लिहिणाऱ्याला तालमीची खोली लागते. या तिघांनाही ती मिळाली, पण ओळखीपाळखीतून, योग्य शहरात योग्य माणसं भेटली म्हणून मिळाली. विद्यापीठ तीच खोली फी भरून, टाइमटेबल लावून, हक्काने देतं, आणि जिच्या घरात कुणी नाटकवालं नाही, जी मुंबई-पुण्याची नाही, तिच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

आणि ज्याच्या घरातच नाटक होतं त्यालासुद्धा ती लागली. अमेरिकेतला नाटककार यूजीन ओनील, वडील नावाजलेले नट, पोराचं बालपण दौऱ्यांत आणि हॉटेलांत गेलेलं. एकांकिकांचं पुस्तकही छापून झालं होतं, तरी 1914 मध्ये तो हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज पिअर्स बेकर या प्राध्यापकांच्या क्लासला जाऊन बसला. बेकर यांच्या नाट्यलेखनाच्या कोर्सचा नंबर होता 47, आणि त्याला जोडून त्यांनी '47 वर्कशॉप' चालवलं होतं, विद्यार्थ्याने लिहिलेलं नाटक तिथे खरोखर उभं राहायचं, प्रेक्षक निमंत्रित, आणि त्या प्रेक्षकांवर बंधन काय तर बघून झाल्यावर लेखी अभिप्राय द्यायचा, तो नावं काढून लेखकाच्या हातात जायचा आणि लेखक परत लिहायला बसायचा. शंभरहून जास्त वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही! हार्वर्डने यासाठी वेगळी डिग्री काही दिली नाही, शेवटी 1925 मध्ये बेकर येल विद्यापीठात गेले आणि तिथे नाट्यविभाग उभा केला. ओनीलला पुढे 1936 चं नोबेल मिळालं. ते काही त्या एका वर्षामुळे मिळालं असं मी म्हणणार नाही, पण घरातच नाटक असलेल्या माणसाला तो क्लास गरजेचा वाटला होता हे तर दिसतंच.

अलीकडचं उदाहरण इंग्लंडच्या नाटककार सारा केनचं. ब्रिस्टलला आधी ड्रामाची डिग्री, मग बर्मिंगहॅमला नाट्यलेखनाचा कोर्स, जो नाटककार डेव्हिड एडगर यांनी 1989 मध्ये सुरू केला होता. कोर्सच्या शेवटी विद्यार्थ्यांच्या प्रयोगात तिच्या नाटकाचा सुरुवातीचा भाग झाला आणि 1995 मध्ये ते नाटक लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरला आलं.

आता चिंध्यांचं. आमच्याकडे वर्षाला 120 क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे गुणांक, त्यातले निम्मे या विभागाचे, निम्मे त्या. म्हणजे नुसता ड्रामा घेणाऱ्या मुलांना जेवढं लाइट डिझाइन करायला मिळालं तेवढं मला नाही मिळालं, आणि कादंबरीचं मोठं मॉड्यूलही सुटलं. हे नुकसान आहे आणि ते मला कधीकधी जाणवतं. पण मिळालं काय ते एका प्रसंगातून सांगते.

आमच्या वर्गात एक मुलगी होती, कथा फार सुंदर लिहायची. तिने एक प्रवेश लिहिला, वडील गेल्यावर भाऊ खूप दिवसांनी घरी येतो आणि त्याला कळतं की घर विकलंय. भावाला अर्ध्या पानाचं भाषण होतं, लहानपण, वडील, अंगण, सगळं त्यात. स्टुडिओत उभं केलं तर बहिणीचं काम करणारी म्हणाली, "हा एवढं बोलेपर्यंत मी काय करू?" कुणाकडेच उत्तर नव्हतं. मग शिक्षिका म्हणाल्या, भाषण सोडा, नुसती एन्ट्री करून बघा. तो मुलगा आत आला, खिशातून किल्ली काढली आणि सवयीने दाराशेजारच्या भिंतीवर अडकवायला गेला, खुंटी नाही. हात तसाच वर. बहीण त्याच्याकडे बघतेय. "कधी?" असा एकच शब्द तो बोलला आणि पुढचं सगळं भाषण गळून पडलं!

पण खरी मजा पुढच्या आठवड्यात. तिने तोच मजकूर कथेच्या वर्गात आणला, खुंटीसकट, आणि तिथे तो अपुरा वाटला. कारण वाचणाऱ्याला तो हात दिसत नाही, बहिणीचा चेहरा दिसत नाही, ते अंगण कुणीतरी सांगावं लागतं. मग स्टेजवरून काढलेलं अर्धं पान तिने कथेत परत घेतलं, आणि आता ते बोलण्यात नव्हतं, त्याच्या मनात होतं. काय बोलायचं, काय दाखवायचं, काय लपवायचं हे तिला एका महिन्यात कळलं, आणि ते दोन्ही वर्गांत एकाच वेळी बसत होती म्हणून कळलं. नुसत्या लेखनाच्या वर्गात त्या भाषणाला शाबासकी मिळाली असती आणि नुसत्या नाटकाच्या वर्गात ते कापून विषय संपला असता.

मी स्वतः आता मालिकांचे संवाद लिहिते. सेटवर नट सांगतो "ताई, हे तोंडात बसत नाहीये", लाइट लागेपर्यंत वाक्य बदलून द्यायचं असतं, तेव्हा ते शिक्षण रोज कामी येतं. पोटापाण्याचं विचारलं होतंत म्हणून सांगितलं.

पैशाच्या बाबतीत मात्र मी शंभर टक्के तुमच्या बाजूने आहे. परदेशी विद्यार्थ्याची फी तिथल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त, घर गहाण ठेवून जा असं मी कुणालाच सांगणार नाही. इथे पुण्यात ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, दिल्लीला एनएसडी, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. कॉलेजात गेली की पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा आहे, 1963 पासून पोरं स्वतः लिहून स्वतः उभं करतायत. आपल्याकडे कमी पडतं ते जोडकाम. पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडच्या एकाच आवारात मराठी विभागही आहे आणि ललित कला केंद्रही, एनईपीमुळे, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणामुळे, मेजर-मायनरची (मुख्य आणि जोडविषयाची) भाषाही आलीय, तर मराठीच्या मुलीला नाटकाच्या तालमीचे क्रेडिट आणि नाटकाच्या मुलाला कथालेखनाचे क्रेडिट सगळीकडे सहज मिळायला हवेत, यासाठी आपण सगळ्यांनी बोंब मारली पाहिजे.

भाचीला कुठेही ॲडमिशन घ्यायची असेल तर माहितीपत्रकावर जाऊ नका, तिथल्या मुलांना विचारा, की विद्यार्थ्यांनी लिहिलेलं इथे उभं राहतं का, लेखकाला तालमीत बसू देतात का, प्रयोग झाल्यावर परत लिहायला वेळ मिळतो का. आणि ॲडमिशनला अजून अवकाश आहे, तर यंदा स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या की तिला सुट्टीत साताऱ्याला बोलवा आणि तुमच्या ग्रुपमध्ये प्रॉम्प्टिंगला, म्हणजे नट अडला की वाक्य सुचवायला, बसवा. नटांना कुठली वाक्यं पाठ होत नाहीत ते तिला वहीत लिहून ठेवायला सांगा, आणि ती वही मला दाखवायला सांगा, मी मनापासून वाचेन.