जीएसटी नंबर म्हणजे सामान हलवण्याचा परवाना नव्हे

बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: कोटेशनवर जीएसटी नंबर असला की पॅकर्स-मूव्हर्स सरकारमान्य, सामान बिनधास्त द्या. हे साफ चूक आहे. जीएसटी ही कराची नोंदणी. लोकांचा माल भाड्याने वाहून नेणाऱ्याला २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते. तो क्रमांक मागा.

शिवाय छापलेला नंबर दुसऱ्याच कोणाचा असू शकतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे दिसतं. गुजरातचा नंबर २४ ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ ने. ऑफिस बडोद्याच्या दांडिया बाजारात सांगतात आणि नंबर भलत्याच राज्याचा, तर अॅडव्हान्स देऊ नका.

सामानाची यादी, ठरलेलं भाडं आणि ट्रकचा नंबर असलेली बिल्टी (माल वाहतुकीची पावती) हातात घेतल्याशिवाय गाडी हलू देऊ नका, हे कळकळीने सांगतो. वाटेत ट्रक अडवून जादा पैसे मागितले तर ११२ वर पोलिसांना कळवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. सामान फुटलं-हरवलं तर बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, फोनवरची भांडणं त्यात धरली जात नाहीत.