नाव सुचवा, पण काकांना विचारून

काल संध्याकाळी प्राण्यांच्या दवाखान्यात, गच्च भरलेल्या वेटिंग रूममध्ये, असिस्टंट पोराने हातातलं कार्ड बघून खणखणीत आवाजात पुकारा केला, "बेबी जोगळेकर!" आणि मी उठलो. सोबत अठरा किलोचा, एका कानाचा टवका उडालेला, गॅस सिलेंडरवाल्याला जिन्यात अडवून धरणारा आमचा गावठी कुत्रा. समोरच्या सोफ्यावर एक बाई पामेरियन घेऊन बसल्या होत्या, त्यांनी आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पर्समध्ये उगाच काहीतरी शोधायला लागल्या. रेबीजच्या इंजेक्शनच्या कार्डावर नावाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणे, म्हणून त्या पोराने स्वतःच्या अधिकारात 'बेबी' लिहून टाकलेलं. अरे, निदान खाडाखोड करायला जागा तरी ठेवायची! आता महापालिकेचा परवाना काढायला जायचं तर हेच कार्ड जोडायचं.

नाव न ठेवण्याचं कारण आळस नाही. पंचाईत त्याच्या साइजची आहे. टायगर म्हणावं तर तेवढा तो नाही, चिंटू म्हणावं तर कुरियरवाला हसेल. लेकीने ओरिओ, मोमो आणि बिस्किट अशी तीन नावं काढली. मी म्हटलं, रात्री दोन वाजता चोर आला तर गॅलरीतून काय ओरडू, "बिस्किट, पकड"? चोर चहा मागेल. डॉक्टर म्हणाले नाव दोन अक्षरी ठेवा आणि 'बस', 'थांब' यांच्या जवळपास जाणारं नको, त्याचा गोंधळ होतो. आई मधल्या मधे त्याला टिप्या म्हणायला लागली, कारण तिच्या माहेरच्या प्रत्येक कुत्र्याचं नाव टिप्याच होतं, एक गेला की पुढचा टिप्या.

हे सगळं घरातल्या घरात मिटलं असतं. पण काल दवाखान्यातून येताना जिन्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका भेटले. काका रिटायर्ड आहेत, आणि बिल्डिंगमध्ये ज्या गोष्टीशी त्यांचा संबंध नाही अशी गोष्ट अजून सापडायची आहे.

"नाव ठरलं का?"

मी सहज म्हटलं, "बाजी ठेवावं म्हणतोय." राखणीचा कुत्रा, दारात उभा राहिला की कुणाला आत सोडत नाही, मला तर चपखल वाटलं होतं.

काकांनी भाजीची पिशवी खाली ठेवली. काकांनी पिशवी खाली ठेवली की किमान वीस मिनिटं. "घोडखिंड लढवणाऱ्या माणसाचं नाव कुत्र्याला? अहो, लोक दगड मारतील."

"बरं, मग वाघ्या."

"वाघ्या!" काकांचे डोळेच चमकले. "२०१२ साली रायगडावरून त्याचा पुतळा काढला, परत बसवला, २०२५ मध्ये पुन्हा काढायची मागणी. आणि तुम्ही तो वाद आपल्या बिल्डिंगमध्ये आणताय?"

"भैरव?"

"आमचं कुलदैवत आहे. उद्या त्याने जिन्यात घाण केली तर मी हाड कुणाला म्हणू?"

याला उत्तर नव्हतं, खरंच नव्हतं. मी राजा म्हटलं, तर त्यांच्या जावयाला घरी राजा म्हणतात. (जावई दोनदा दिसलाय, कुत्रा जास्त रुबाबदार आहे.) दादा, भाऊ आणि साहेब ही नावं त्यांनी मी उच्चारायच्या आतच बाद केली, निवडणुका तोंडावर आहेत म्हणून. निवडणुका कुठल्या ते विचारलं नाही, आपल्याकडे कुठल्या ना कुठल्या असतातच. शेवटी वैतागून म्हटलं, "ब्रुनो ठेवतो."

तर काका काय म्हणावेत? "का हो, मराठी नाव नाही मिळालं?"

मला सांगा, दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, ते चार वेद आहेत असं आपण लहानपणापासून ऐकतो. तिथे कुणाची भावना दुखावत नाही. धर्मराजाबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत कुत्रा गेला, त्याला तर व्यासांनी नावच दिलं नाही. व्यासांच्या जिन्यातही दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी राहत असणार.

आणि हे नावाचं निमित्त आहे हे मला कळत नाही असं नाही. कुत्रा आणल्या दिवसापासून हे चालू आहे. आधी लिफ्टमध्ये नेऊ नका. प्राणी कल्याण मंडळाने २०१५ सालीच सांगून ठेवलंय की सोसायटीला पाळीव प्राण्यांना बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, तो कागद मी नोटीस बोर्डवर लावला, तर दुसऱ्या दिवशी त्यावर पाण्याच्या टँकरची नोटीस. मग म्हणे भुंकतो. अहो, भुंकण्यासाठीच आणलाय! मागच्या पावसाळ्यात पार्किंगमधून काकांच्याच स्कूटरची स्टेपनी गेली, तेव्हा मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून "बिल्डिंगला एक कुत्रं पाहिजे" असं कोण म्हणालं होतं? आता कुत्रं आलंय, त्याचं खाणं, इंजेक्शन, सकाळ-संध्याकाळचं फिरवणं सगळं आमच्याकडे, आणि आक्षेप तेवढे सार्वजनिक. पहाटे साडेपाचला पावसात छत्री धरून त्याच्या मागे उभा असतो तेव्हा एकाही काकांच्या भावना जाग्या नसतात.

एवढं सगळं होईपर्यंत कुत्रा शांतपणे काकांच्या पिशवीतल्या मेथीचा वास घेत होता. काकांनी पिशवी उचलली, दोन पायऱ्या चढले आणि वळून, आवाज जरा खाली आणून म्हणाले, "नवी स्कूटर घेतलीय. रात्री याला खाली तिच्यापाशी बांधत जाल का?"

मी बघतच राहिलो.

"फक्त नाव लवकर ठरवा," काका म्हणाले, "चोर आला तर हाक काय मारायची?"

"आम्हालाच मारा काका. जोगळेकर. बेलवर लिहिलंय."