निष्ठा : पूर्वलक्षी प्रभावाने

विजेत्या संघाचे निष्ठावंत समर्थक व्हायचे असेल, तर हंगामाच्या आरंभी घाई करू नये. वेतनवाढीचा शासन निर्णय जसा उशिरा निघतो आणि मागील तारखेपासून लागू होतो, तशी निष्ठाही निकाल हाती आल्यावर जाहीर करून पूर्वलक्षी प्रभावाने लागू करता येते; शिवाय थकबाकी एकरकमी मिळण्याचे सुख वेगळेच असते. या विद्येचा पाठ ज्यांना एकाच हंगामात पूर्ण करायचा आहे, त्यांनी अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा २०२४ चा हंगाम अभ्यासावा. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी या संघाचा प्रशिक्षक नालायक होता आणि २० जानेवारी २०२५ रोजी तो थोर होता. मधल्या ५१ दिवसांत बदलला तो प्रशिक्षक नव्हे, एवढे ध्यानात ठेवले की निम्मा अभ्यास झाला.

आपण कोलंबस शहरात राहत नसाल, तरी बिघडत नाही. पुतणी तेथे एम.एस. करत असणे पुरेसे आहे. पुतणी नसल्यास शेजाऱ्यांची चालेल. खेळाची माहितीही फारशी लागत नाही. ज्या खेळात चेंडू बहुतेक वेळ हातात असतो आणि पाय प्रामुख्याने पळण्याच्या कामी येतो, त्याला फुटबॉल का म्हणतात, हा प्रश्न मात्र चारचौघांत विचारू नये. त्याऐवजी काही खुणा पाठ कराव्यात. विमानतळावर लाल-करड्या कपड्यांतील अनोळखी माणूस ‘ओ-एच’ असे ओरडला, तर क्षणाचाही विलंब न लावता ‘आय-ओ’ असे उत्तर द्यावे. संघाला बकाय म्हणतात, आणि बकाय हे ओहायोच्या राज्यवृक्षाचे चेस्टनटसारखे दिसणारे, परंतु खाल्ल्यास बाधणारे फळ आहे. ज्यांनी ते निवडले त्यांना समर्थकांच्या स्वभावाची जाण असावी. घोड्याच्या नालेच्या आकाराचे स्टेडियम १९२२ मध्ये उघडले आणि त्यात एक लाख दोन हजारांहून अधिक माणसे बसतात. विद्यापीठाच्या नावाआधी इंग्रजीतला ‘द’ अवश्य उच्चारावा, कारण कपड्यांवर हा एकाक्षरी शब्द वापरण्याचा ट्रेडमार्क विद्यापीठाने २०२२ मध्ये रीतसर मिळवला आहे. मराठीत असा शब्दच नाही. आपण किती मोठ्या उत्पन्नाला मुकलो, याचा विचार भाषाप्रेमींनी सवडीने करावा.

आता पैशाकडे वळू. २०२१ च्या जुलैपर्यंत महाविद्यालयीन खेळाडूने स्वतःच्या नावावर चार पैसे मिळवणे हा अपराध होता. त्यानंतर ते मिळवणे हा हक्क झाला, आणि २०२४ च्या संघावर सुमारे २ कोटी डॉलर खर्च झाल्याचे विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांनी स्वतःच सांगितले. रुपयांत हा आकडा दीडशे कोटींच्या पुढे जातो. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल चालवणारा, विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटहून आला, बचावफळीतला केलेब डाउन्स अलाबामाहून आला, चेंडू घेऊन धावणारा क्विनशॉन जुडकिन्स मिसिसिपीहून आला, आणि चिप केली यांनी तर लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातील मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची सोडून येथे दुय्यम जागा पत्करली. या सर्वांचे वर्णन करताना ‘विकत घेतले’ असा शब्दप्रयोग करू नये. ते ‘परंपरेकडे आकृष्ट झाले’ असे म्हणावे. शेजारच्या राज्यातील विद्यापीठाने नेमके हेच केले, तर मात्र खेळाचा बाजार मांडल्याबद्दल हळहळावे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय अटलांटिकच्या पलीकडेही तितकाच चालतो. कोणी फारच टोचून बोलू लागले, तर जॅक सॉयर, एमेका एगबुका, ट्रेव्हियन हेंडरसन यांची नावे पुढे करावीत. व्यावसायिक फुटबॉलमध्ये जाण्याची संधी असूनही ही मुले अपुरे काम पुरे करायला आणखी एक वर्ष थांबली होती, ही गोष्ट खरी आहे, आणि खरी गोष्ट वादात क्वचितच हाती लागत असल्यामुळे ती जपून वापरावी.

पहिला पराभव १२ ऑक्टोबरला, ऑरेगनच्या मैदानावर, ३२-३१ असा एका गुणाने झाला. येथे समर्थकाने रात्रीतून नियमपंडित व्हायचे असते. अखेरचे १० सेकंद उरले असताना ऑरेगनने मैदानात ११ ऐवजी १२ खेळाडू उतरवले. दंड झाला पाच यार्डांचा, पण त्या चालीत निघून गेलेले चार सेकंद ओहायोला परत मिळाले नाहीत. ही पळवाट होती, आणि पुढे नियमाचा अर्थ लावून ती बुजवण्यात आली. तेव्हा या पराभवाचा उल्लेख ‘पराभव’ असा न करता ‘तो बारा खेळाडूंचा प्रकार’ असा करावा. त्याच सामन्यात आपला क्वार्टरबॅक शेवटच्या चालीत घड्याळ संपेपर्यंत धावत राहिला आणि मग अलगद घसरून बसला, ही बाब ऐकणाऱ्याला ठाऊक नसेल, तर आपण होऊन सांगू नये.

नोव्हेंबर मात्र सोपा नाही. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी शेजारच्या राज्यातील मिशिगन विद्यापीठाशी सामना येतो, आणि मिशिगनचे नाव घ्यायचे नसते. ‘उत्तरेकडचा तो संघ’ असे म्हणतात, ज्याप्रमाणे आपल्याकडे जुन्या घरांत नवऱ्याचे नाव टाळत, फक्त भावना उलटी. त्या आठवड्यात कोलंबसच्या विद्यापीठ परिसरातील पाट्यांवरचे इंग्रजी ‘एम’ अक्षर लाल पट्ट्यांनी खोडले जाते. हे वैर फुटबॉलपेक्षा जुने आहे: १८३५ मध्ये टोलीडो शहराच्या पट्ट्यावरून दोन्ही बाजूंनी सैन्य जमवले होते, आणि त्या ‘युद्धात’ जीव कोणाचाच गेला नाही. टोलीडो ओहायोला मिळाले, मिशिगनला भरपाई म्हणून उत्तरेकडचा जंगलांचा द्वीपकल्प देण्यात आला, आणि त्यात पुढे तांब्या-लोखंडाच्या खाणी निघाल्या. दोघांमधला पहिला सामना १८९७ चा. म्हणजे भांडण आधी ठरले होते आणि चेंडू नंतर आणला गेला, असे म्हटले तरी चालेल.

प्रशिक्षक रायन डे यांनी तोवर दहांपैकी जवळजवळ नऊ सामने जिंकलेले होते, पण २०२१, २०२२ आणि २०२३ असे सलग तीन वेळा ते मिशिगनशी हरले होते. या वर्षी प्रसंग अनुकूल होता. मिशिगनने हंगामात पाच सामने गमावले होते, सामना आपल्या मैदानावर होता, आणि सट्टेबाजांनी ओहायोला सुमारे २० गुणांनी सरस धरले होते. सामना संपायला ४५ सेकंद उरले असताना मिशिगनने फील्ड गोल मारला आणि १३-१० असा सामना जिंकला. त्यानंतर त्यांनी मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवण्याचा प्रयत्न केला, दोन्ही संघ एकमेकांवर धावून गेले, जॅक सॉयरने तो झेंडा काठीपासून ओढून काढला, आणि पोलिसांनी मिरपुडीचा फवारा मारून उच्च शिक्षण घेणाऱ्या तरुणांना पांगवले. दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक लाख डॉलर दंड झाला. ओहायोच्या विधिमंडळातील एका सदस्याने तर सामन्यानंतर या मैदानात झेंडा रोवणे हा गंभीर फौजदारी गुन्हा ठरवणारे विधेयकच आणले. सामना जिंकणे हाच गुन्हा ठरवला असता, तर मूळ प्रश्न सुटला असता. पण विधिमंडळांना मुळाशी जाण्याची सवय कोठेच नसते.

या रात्री आपण काय करावे? प्रशिक्षकाला काढून टाकण्याची मागणी करावी, हे तर झालेच. परंतु ती कशी करावी, यात कौशल्य आहे. मागणी तोंडी असावी. लेखी करायचीच झाली, तर वाक्यरचना कर्मणी ठेवावी. ‘नेतृत्वाचा विचार व्हायला हवा’ या वाक्याचा अर्थ पुढे ‘नेतृत्वाला वेतनवाढ द्यायला हवी’ असाही लावता येतो. हजारोंनी ही दक्षता घेतली नाही. त्यांनी स्वच्छ, सकर्मक, आज्ञार्थी वाक्ये लिहिली, त्यांत प्रशिक्षकाच्या कुटुंबालाही ओढले, आणि जानेवारीत ती वाक्ये पुसत बसण्यात त्यांच्या विजयोत्सवाची पहिली रात्र गेली. आपण लिहिलेच असेल, तर आताच पुसून टाकावे.

डिसेंबरचा उपदेश तत्त्वनिष्ठेविषयी आहे. त्या वर्षी प्रथमच प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीत, ४ ऐवजी १२ संघ घेतले गेले. एवढे संघ घेतल्याने नियमित हंगामाचे पावित्र्य नष्ट होईल, दोन-दोन सामने हरलेले संघ विजेते होतील, असे बजावणारे रसिक पुष्कळ होते. निवड समितीच्या अंतिम क्रमवारीत ओहायो स्टेट सहाव्या क्रमांकावर होते आणि प्लेऑफमध्ये त्यांना आठवे मानांकन मिळाले. जुन्या नियमांनी त्यांचा हंगाम त्या झेंड्याशेजारीच संपला असता. तेव्हा आपण जर पावित्र्यवाद्यांपैकी असाल, तर १२ संघांची पद्धत ही लोकशाहीची गरज कशी आहे, यावर चार वाक्ये तयार ठेवावीत. २१ डिसेंबरला कोलंबसच्या कडाक्याच्या थंडीत टेनेसीविरुद्धचा सामना झाला, तेव्हा घरच्याच मैदानात पाहुण्यांचा नारिंगी रंग डोळ्यांत भरण्याइतका पसरला होता, कारण बऱ्याच निष्ठावंतांनी आपली तिकिटे चांगल्या भावाने विकून टाकली होती. संघ ४२-१७ असा जिंकला. आपण तिकीट विकले असेल, तर ‘लांबून पाहिले की डावपेच नीट कळतात’ असे सांगावे.

त्यापुढचे तीन सामने समर्थकासाठी फारसे कष्टाचे नाहीत. १ जानेवारीला रोझ बाउलमध्ये त्याच ऑरेगनविरुद्ध ओहायोने पहिल्या अर्ध्यातच ३४-० अशी आघाडी घेतली आणि सामना ४१-२१ असा खिशात घातला. या वेळी दोन्हीकडे अकराच खेळाडू होते, हे जरूर नोंदवावे. उपांत्य सामन्यात टेक्सासविरुद्ध २१-१४ अशी आघाडी असताना टेक्सासचा संघ गोलरेषेपासून एका यार्डावर येऊन ठेपला होता. तेथून तो मागे ढकलला गेला, चौथ्या, म्हणजे अखेरच्या प्रयत्नात सॉयरने क्वार्टरबॅक क्विन युअर्सच्या हातातला चेंडू उडवला, उचलला आणि ८३ यार्ड धावत जाऊन टचडाउन केला. हा युअर्स एकेकाळी कोलंबसमध्येच शिकायला होता आणि सॉयरच्याच खोलीत राहत होता. वसतिगृहात ज्यांची भांडी, साबण आणि चार्जर वर्षभर खोलीतल्या मित्राने वापरले आहेत, त्यांना या ८३ यार्डांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. येथे उपरोध बाजूला ठेवतो: तो मुलगा कोलंबसच्या उपनगरात वाढलेला होता, सहा आठवड्यांपूर्वी त्याच्या हातात फाटलेला झेंडा होता, आणि तो धावत असताना मला स्वतःला खुर्चीत बसवले नाही.

अंतिम सामन्यात नोत्र दामविरुद्ध ३१-७ अशी आघाडी होती, ती ३१-२३ वर आली. अशा वेळी प्रशिक्षकाच्या हकालपट्टीचा मसुदा पुन्हा बाहेर काढण्याचा मोह होतो. तो आवरावा, निदान पाठवण्याचे बटण दाबू नये. ज्यांनी दाबले नाही, त्यांना लगेच फळ मिळाले. चेंडू आपल्याकडे राखण्यासाठी तिसऱ्या प्रयत्नात ११ यार्डांची गरज असताना कॅन्ससहून येऊन ‘परंपरेकडे आकृष्ट झालेल्या’ हॉवर्डने फ्लोरिडाहून आलेल्या १९ वर्षांच्या जेरेमाया स्मिथकडे ५६ यार्डांचा पास फेकला. शेवटी गुणफलक ३४-२३ असा थांबला. १४ विजय, २ पराभव, आणि विद्यापीठाच्या हिशेबाप्रमाणे नववे राष्ट्रीय विजेतेपद.

आता आपली पाळी आहे. सर्वप्रथम सर्वनाम बदलावे. नोव्हेंबरात ‘ते’ हरले होते, जानेवारीत ‘आपण’ जिंकलो. मग ‘मी तेव्हाच म्हणालो होतो’ या वाक्याने सुरुवात करून काय म्हणालो होतो ते मोघम ठेवावे. मिशिगनविरुद्धचा पराभव हा संघाला जाग आणण्यासाठी आवश्यक होता, असे सांगावे. तो आवश्यक होता हे त्या रात्री आपल्याला कळले होते, पण संघाच्या हितासाठी आपण रागावल्याचे दाखवले, असेही सांगता येते. फेब्रुवारीत विद्यापीठाने डे यांच्याशी सात वर्षांचा, वर्षाला सव्वा कोटी डॉलरचा नवा करार केला, तेव्हा ‘कमीच दिले’ असे पुटपुटावे. कोणी जुने काही उकरून काढले, तर भावनेच्या भरात माणूस बोलतो, आणि भावना असते तिथेच निष्ठा असते, असे म्हणून विषय प्रशिक्षकाच्या दूरदृष्टीकडे वळवावा.

एक दुरुस्ती मात्र करणे भाग आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात ओहायो स्टेटने मिशिगनला त्यांच्याच मैदानावर २७-९ असे हरवले, चार वर्षांचे ग्रहण सुटले, आणि पुढच्याच शनिवारी विभागीय अजिंक्यपदाच्या सामन्यात इंडियानाने त्यांना १३-१० असे हरवले. गुण तेच, अगदी तेच. म्हणजे आदल्या वर्षीचा मसुदा ज्यांनी जपून ठेवला होता, त्यांना केवळ प्रतिस्पर्ध्याचे नाव बदलायचे होते. तो पुसून टाकावा, ही वर दिलेली सूचना मी या लेखाद्वारे मागे घेत आहे; आणि ती मी मुळात दिलीच नव्हती, असे पूर्वलक्षी प्रभावाने समजण्यात यावे.