एकाच संगणकावर येणारी एरर: फॉरमॅट मारण्याआधी

कार्यालयातल्या बाकी सगळ्या संगणकांवर प्रोग्रॅम नीट चालतो आणि एकाच संगणकावर एरर येते, अशी तक्रार केली की आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. "मॅडम, तुमच्याकडूनच काहीतरी चुकीचं दाबलं जातंय," हे पहिले आणि "मशीन फॉरमॅट मारून घ्या," हे दुसरे. पतसंस्था, शाळांची कार्यालये, औषधांचे घाऊक व्यापारी अशा ठिकाणच्या डेटाबेस प्रोग्रॅमची देखभाल हे माझे रोजचे काम आहे आणि या दोन्ही उत्तरांना माझा ठाम विरोध आहे. पहिल्यामुळे निर्दोष माणसावर ठपका येतो, तर दुसऱ्यामुळे दोष शोधण्यासाठी लागणारा पुरावा पुसला जातो.

डेटा सर्वांचा एकच आहे, प्रोग्रॅमही तोच आहे, मग फरक उरतो तो त्या संगणकात किंवा त्यावर लॉगिन करणाऱ्या खात्यात. शोधायचे क्षेत्र आपोआप इतके लहान झालेले असताना ते सोडून सगळेच नव्याने टाकायला निघणे मला पटत नाही.

एका पतसंस्थेतला प्रकार सविस्तर सांगतो. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसवर बांधलेला जुना प्रोग्रॅम, टेबले सर्व्हरवर आणि फॉर्म व अहवाल प्रत्येक संगणकावर, अशी नेहमीची रचना होती. काउंटरवर नवा संगणक आला आणि त्यावरची रोजकीर्द कधी पूर्ण रिकामी, तर कधी भलत्याच महिन्याची निघू लागली. सॉफ्टवेअरवाल्यांनी आधी कर्मचारी बाईंना दोष दिला आणि नंतर मशीन फॉरमॅट केले, तरीही चूक तशीच राहिली. बाईंनी मात्र एका वहीत कोणत्या तारखेची रोजकीर्द चुकली आणि कोणत्या तारखेची बरोबर आली याची नोंद ठेवली होती, आणि उत्तर त्या वहीतच होते. चुकलेल्या सगळ्या तारखा महिन्याच्या 1 ते 12 या दिवसांतल्या होत्या. 13 तारखेपासून पुढे एकही चूक नव्हती.

कारण असे की अ‍ॅक्सेसच्या क्वेरीत, म्हणजे टेबलांतून माहिती मागवणाऱ्या आज्ञेत, दोन हॅश (#) चिन्हांमध्ये लिहिलेली तारीख अमेरिकी पद्धतीने, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस अशी वाचली जाते, मग विंडोजची सेटिंग काहीही असो. प्रोग्रॅम मात्र पडद्यावरची तारीख जशीच्या तशी उचलून क्वेरीत चिकटवत होता. जुन्या संगणकांवर कोणीतरी पूर्वीच अमेरिकी सेटिंग करून ठेवले होते, त्यामुळे तिथे सगळे जुळत होते. नव्या संगणकावर प्रादेशिक सेटिंग इंग्लिश (इंडिया) होते, म्हणजे आधी दिवस आणि मग महिना. तिथे 5 एप्रिलची रोजकीर्द मागितली की क्वेरी 4 मे शोधायची आणि पान रिकामे यायचे. 3 एप्रिलची मागितली की 4 मार्चचे व्यवहार छापले जायचे. 13 वा महिना नसल्यामुळे 13 तारखेपासून पुढे अ‍ॅक्सेस स्वतःच दिवस आणि महिना उलटवून घेतो, तेही काही न सांगता. फॉरमॅटनंतर विंडोज पुन्हा टाकताना प्रदेश म्हणून भारतच निवडला गेला आणि दोषही पुन्हा तसाच उभा राहिला.

इथे दोष संगणकाचा नव्हताच. उलट त्या कार्यालयात आपल्या देशाचे योग्य सेटिंग असलेला तो एकमेव संगणक होता. चूक प्रोग्रॅममध्ये होती आणि बाकीच्या संगणकांनी ती झाकून ठेवली होती. म्हणून त्या संगणकाचे सेटिंग बदलून मोकळे न होता, क्वेरीत तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने जाईल अशी दुरुस्ती कोडमध्येच करणे आवश्यक होते. ज्या कागदावर रोख रकमेचा ताळा लागतो आणि जबाबदार माणसाची सही होते, तो कागद कंट्रोल पॅनेलमधल्या एका खुणेवर अवलंबून राहणे मला अजिबात मान्य नाही.

प्रत्येक वेळी कारण इतके खोल नसते. 3044 क्रमांकाची एरर आली की दिलेला पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, सापडत नाही एवढाच अर्थ असतो, आणि बहुतेकदा सर्व्हरचा फोल्डर इतरांकडे झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला असतो, या संगणकावर वाय म्हणून. ड्राइव्हच्या अक्षराऐवजी सर्व्हरच्या नावाने पूर्ण पाथ दिला की प्रश्न मिटतो. 'कान्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी' असे येते तेव्हा साधे तारखेचे फंक्शनही चालेनासे होते, पण बिघाड त्या फंक्शनचा नसतो. व्हीबीए या ऑफिसमधल्या प्रोग्रॅमिंग भाषेत जोडलेल्या लायब्रऱ्यांची 'रेफरन्सेस' नावाची यादी असते, तिच्यात कुठल्यातरी भलत्याच लायब्ररीपुढे 'मिसिंग' लिहिलेले सापडते.

एकाच सॉफ्टवेअरच्या 32 बिट आणि 64 बिट अशा दोन प्रकारांचा गोंधळ मात्र फार वेळ खातो. ऑफिस 2019 पासून मूळ निवड 64 बिटची असते, जुने प्रोग्रॅम 32 बिटचे असतात, आणि मग डेटाबेसशी जोडणारा ड्रायव्हर डोळ्यांसमोर इन्स्टॉल झालेला असूनही प्रोग्रॅम तो रजिस्टर नसल्याचे सांगतो. त्यात 64 बिटच्या विंडोजमध्ये ओडीबीसीची, म्हणजे प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांची जोडणी करणारी दोन साधने एकाच नावाने आहेत: सिस्टिम 32 या फोल्डरमधले 64 बिटचे आणि सिसवॉव 64 मधले 32 बिटचे. फोल्डरची नावे वाचून नेमका उलटा समज होतो. 64 बिटच्या साधनातून केलेला सिस्टिम डीएसएन, म्हणजे त्या जोडणीची नोंद, 32 बिटच्या प्रोग्रॅमला दिसतच नाही.

यांपैकी काहीही तपासण्याआधी मी एक अदलाबदल करून पाहतो. बिघडलेल्या संगणकावर दुसऱ्याच्या खात्याने लॉगिन करायचे, आणि तक्रार करणाऱ्याच्या खात्याने चांगल्या संगणकावर. चूक माणसाच्या खात्याबरोबर गेली, तर सर्व्हरच्या फोल्डरवरचे त्याचे अधिकार पाहायचे. अ‍ॅक्सेसला त्या फोल्डरात लॉक फाइल, म्हणजे कोण काम करत आहे याची नोंद ठेवणारी फाइल, तयार करावी लागते आणि नुसत्या वाचण्याच्या परवानगीवर काम भागत नाही. चूक संगणकाबरोबर राहिली, तर तो आणि एक चांगला संगणक शेजारी ठेवून ऑफिसचे बिट, ड्रायव्हर, प्रादेशिक सेटिंग आणि पाथ एकेक करून ताडून पाहायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने काम झाले ते कळत नाही.

संस्थाचालकांना माझी विनंती आहे. वार्षिक देखभाल करारात एक अट घाला: तक्रार बंद करताना सॉफ्टवेअरवाल्यांनी कारण लेखी द्यावे, आणि फॉरमॅट करायचेच असेल तर त्याआधी एररचा क्रमांक, पूर्ण संदेश आणि त्या संगणकाची सेटिंग्ज नोंदवून घ्यावीत. आणि त्या खुर्चीवर बसणाऱ्या कर्मचाऱ्याला पहिला प्रश्न "काय दाबलंत?" असा विचारू नका. कधी येते, कधी येत नाही आणि कोणत्या नोंदीवर येते, हे त्यांना विचारा.