"कवय जाशी रे भाऊ?"

अमळनेरच्या बाजारात वांगी घ्यायला गेलो तरी तेच, अमेरिकेला कधी जाणार? "बायको अमेरिकन आहे ना, मग व्हिसा का देत नाहीत?" अहो, लग्नाने बंदी उठत नाही! किती वेळा सांगू? अमेरिकेत राहण्याची मुदत संपल्यावर 180 दिवसांहून जास्त, पण वर्षाच्या आत राहून देश सोडला, तर 3 वर्षं प्रवेश बंद. वर्ष किंवा जास्त झालं, तर 10. मी 14 महिने राहिलो. चूक माझीच, ती मी कधी नाकारली नाही.

माफीचा अर्ज असतो, आय-601. त्यात माझे हाल मोजतच नाहीत, बायकोचे 'पराकोटीचे हाल' सिद्ध करायचे. नुसता विरह पुरत नाही! ती तिकडे रात्रपाळी करून एकटीने लेक सांभाळते, त्याचे कागद गोळा करत बसायचं. आणि लेकीचे हाल? ते स्वतंत्रपणे धरतच नाहीत.

वर सल्ले. "एजंट गाठ, जुनं काही सांगूच नको." खोटं बोललं तर कायमची बंदी लागते, नाना!

काल व्हिडिओ कॉल सुरू ठेवून भरताची वांगी भाजत होतो. लेक म्हणाली, "बाबा, वास येत नाही."