उतारच उतार

मुकुंदा सायकलवर पुण्याला निघायच्या आठवडाभर आधी मला दोन कामं मिळाली. मुकुंदा म्हणाला, "यार, जरा हिंमत देत जा मला." आणि वहिनींनी जिन्यात गाठून सांगितलं, "भाऊजी, तुमचं ऐकतात ते. काहीही करा, पण हे खूळ काढा डोक्यातून." दोन्ही कामांचा चहा एकाच घरी मिळणार होता, म्हणून मी दोघांनाही हो म्हटलं.

इंदूर ते पुणे साधारण 600 किलोमीटर, सहा दिवस, वय 57. यातल्या शेवटच्या आकड्याचा पहिल्या दोघांशी काही संबंध नाही, असं मुकुंदाचं मत. मी स्वतः 1986 नंतर सायकलला टांग मारलेली नाही. सल्लागार म्हणून माझी निवड बहुधा त्यामुळेच झाली. जे रोज पहाटे महूपर्यंत जाऊन येतात त्यांना विचारलं, तर ते खरं सांगण्याचा धोका असतो.

पहिली हिंमत मी सराफ्यात दिली. डिसेंबरची रात्र, सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं खाली आलेली आणि त्यांच्याच ओट्यांपुढे कढया तापलेल्या. तळलेल्या गराडूच्या कंदावर जीरावन मसाला भुरभुरून, लिंबू पिळून मुकुंदा दुसरी प्लेट खात होता. लांबच्या पल्ल्याआधी शरीरात कार्बोहायड्रेट साठवावे लागतात म्हणे. त्याचा हा साठा मी 1995 पासून पाहतो आहे.

"चढ फार असेल का रे?" त्यानं हळूच विचारलं.

"चढ? नकाशा बघ. इंदूर वर, पुणं खाली. उतारच उतार!"

त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं भुट्ट्याचा कीसही मागवला.

दुसऱ्या दिवशी अंगणात पंक्चरची रंगीत तालीम होती. टायर काढायचे प्लास्टिकचे लिव्हर कुरियरवाल्याकडेच अडकलेले, म्हणून वहिनींचे स्टीलचे दोन चमचे आले. पहिला वाकला, दुसऱ्यानं टायर निघालं. ट्यूब परातीतल्या पाण्यात फिरवल्यावर एका जागी बारीक बुडबुडे आले. मुकुंदानं खूण केली, घासलं, सोल्यूशन लावलं, फुंकर मारली, पॅच दाबला. शेजारचे दोघे-तिघे कुंपणाशी येऊन उभे होते, त्यांनी मान डोलावली. सगळं बसवून हवा भरली आणि पाचव्या मिनिटाला चाक पुन्हा बसलं. टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधायचा असतो, हे कुंपणापलीकडून एका शाळकरी पोरानं सांगितलं. बाभळीचा काटा होता, नखाएवढा. मुकुंदा त्या काट्याकडे बराच वेळ बघत राहिला. आता बोलणं माझं कर्तव्य होतं.

"चांगलंच झालं की! दोन पंक्चर घरातच उरकली. आता रस्त्यात कशाला होतील?"

वहिनी वाकलेला चमचा सरळ करत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मी अजून विसरलेलो नाही. मग त्यांनी स्वतःच आघाडी उघडली. "वाटेत बिजासनी मातेचं दर्शन घेईन म्हणता. मग आपली विमानतळाजवळची बिजासन टेकरी काय वाईट आहे? रिक्षा जाते."

मुकुंदा गप्प. तो गप्प बसला की ठरवून बसतो.

निघायच्या आदल्या रात्री मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी मोबाइलवर रस्त्याची उंची बघत बसलो. मानपूरनंतर गणपती घाट उतरून खलघाटला नर्मदेपर्यंत रस्ता सुमारे 400 मीटर खाली जातो, इथवर माझा शब्द खरा होता. (त्या घाटाचं नाव ट्रकचे ब्रेक फेल होण्यासाठी गाजलेलं आहे, हे मी त्याला सांगितलं नव्हतं.) पुढे जुलवानियापासून सेंधव्याकडे सातपुडा चढायचा, मग तापीपर्यंत उतरायचं, मग धुळे, मालेगाव, मनमाड असं पुन्हा वर वर. शेवटी मी दोन्ही शहरांची उंची पाहिली आणि फोन उलटा ठेवून दिला.

पहाटे पाचला त्याला राऊपर्यंत सोडायला स्कूटरवर गेलो. धुक्यात त्याच्या सायकलचा लाल दिवा लुकलुकत होता. हेल्मेटखाली वहिनींनी बांधलेली माकडटोपी. "नर्मदे हर!" म्हणत तो निघाला. मी पोहे-जिलेबी खाऊन परतलो, वहिनींना तोंड न दाखवता.

दुपारी फोन आला. आवाज पंचविशीतला. "भिया, काय उतार होता! ब्रेक दाबून दाबून बोटं आखडली. पुढेही असाच आहे ना?"

"अगदी असाच," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला पुन्हा फोन. मागे ट्रकचे हॉर्न, आणि त्याचा श्वास माझ्या कानात लोहाराच्या भात्यासारखा. सेंधव्याच्या अलीकडे कुठेतरी तो सायकल हातात धरून चालत होता.

"चढ आहे रे."

"हं."

"नकाशात तर खाली होतं."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मुकुंदा, इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आहे. पुणंही तेवढंच. किंचित वरच."

बराच वेळ नुसते हॉर्न ऐकू आले.

"किंचित वर?"

"किंचित."

"असणारच," तो म्हणाला. "पुणं आहे ते." आणि फोन चालूच ठेवून तो सायकल ढकलायला लागला. चाकाची टकटक मला सेंधव्यापर्यंत ऐकावी लागली.