चिनी अक्षरं कीबोर्डवर बसत नाहीत, हा दावा चुकीचा आहे

"चिनी लिपीत हजारो अक्षरं आहेत, तेवढ्या कळांचा कीबोर्ड होऊ शकत नाही. म्हणून चिनी लोक इंग्रजीत उच्चार टाइप करतात आणि मशीन त्याचं चिनी करतं. आकारावरून टाइप करायचे प्रयोग फसले. तेव्हा मराठीनेही वेळीच रोमन लिपी घ्यावी." या आशयाचा मजकूर सतत पुढे पाठवला जातो. त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य तपासून घ्यायला हवं.

आधी कळांचं बघू. जुन्या चिनी टाइपरायटरमध्ये ट्रेमध्ये मांडलेले सुमारे अडीच हजार अक्षरांचे छपाईचे खिळे असत आणि त्यातून हवा तो उचलावा लागे. त्या यंत्राचे फोटो पाहून अवाढव्य कीबोर्डची कल्पना रुजली असावी. पण लिन युतांग या लेखकाने १९४७ साली फक्त ७२ कळांचा टाइपरायटर करून दाखवला होता. अक्षराच्या वरच्या आणि खालच्या भागाची कळ दाबली की छोट्या खिडकीत जास्तीत जास्त आठ अक्षरं दिसत, त्यातलं हवं ते आकड्याच्या कळीने निवडायचं. आजच्या संगणकावर तर नेहमीचाच कीबोर्ड पुरतो.

कसा पुरतो, ते या मजकुरात कुठेच येत नाही. चिनी अक्षर हे सुटं, एकसंध चित्र नसतं. बहुतेक अक्षरं ठरावीक घटकांच्या जोडणीतून होतात. तैवानच्या चू बांगफू यांनी १९७६ मध्ये तयार केलेली त्सांगजिए पद्धत याच रचनेवर उभी आहे. तिच्यात ए कळीवर 'सूर्य', बीवर 'चंद्र', डीवर 'झाड' असे घटक आहेत. सूर्य आणि चंद्र शेजारी आले की 'तेजस्वी' या अर्थाचं 'मिंग' होतं, म्हणून ए-बी दाबायचं. दोन झाडं म्हणजे 'वन', म्हणून डी-डी. अक्षर कितीही गुंतागुंतीचं असलं तरी पाच कळांपलीकडे जायचं नाही. चू यांनी १९८२ मध्ये पेटंटचा हक्क सोडला, त्यामुळे ही पद्धत कुणालाही वापरता आली.

मुख्य चीनमध्ये वांग योंगमिन यांची वूबी पद्धत १९८३ मध्ये आली. तिने रेघांचे पाच प्रकार धरले: आडवी, उभी, डावीकडे उतरणारी, टिंब किंवा उजवीकडे उतरणारी आणि वळणारी. या पाच प्रकारांप्रमाणे कीबोर्डचे पाच विभाग, त्यात २५ कळा आणि एका अक्षराला जास्तीत जास्त चार ठोके. झेड कळ शिकणाऱ्यासाठी राखलेली: एखादा घटक आठवत नसेल तर त्याच्या जागी ती दाबायची.

आता 'हे सगळं संथ असतं' हा समज. पिनयिनने, म्हणजे रोमन अक्षरांत उच्चार देऊन, 'असणे' या अर्थाचं अक्षर हवं असेल तर एस-एच-आय टंकावं लागतं. तोच उच्चार 'दहा', 'वेळ', 'गोष्ट', 'बाजार' अशा कितीतरी अक्षरांचा. सूर, म्हणजे उच्चारातले चढउतार, वेगळे असतात, पण ते सहसा टंकले जात नाहीत. मग यादीतून निवड करावी लागते, किंवा संदर्भावरून अंदाज करण्याचं काम मशीनवर सोडावं लागतं. वूबीत हेच अक्षर जे आणि स्पेसबार दाबून येतं, कारण सर्वाधिक लागणाऱ्या २५ अक्षरांना एकेक कळ दिलेली आहे. सराव असलेला माणूस पडद्यावरच्या यादीकडे न बघता लिहीत जातो, हे मला या पद्धतीचं सर्वात मोठं बळ वाटतं. उच्चार माहीत नसलेलं अक्षरही तो नुसतं बघून टंकू शकतो. पिनयिनमध्ये ती सोय नाही.

'इंग्रजीत टाइप करतात' हेही चूक. पिनयिनची अक्षरं रोमन आहेत, भाषा चिनीच आहे. त्यात क्यू म्हणजे 'छ'च्या जवळचा आवाज आणि एक्स म्हणजे 'श'च्या जवळचा. इंग्रजीच्या जोरावर ते वाचता येत नाही. तैवानमध्ये तर उच्चारावरून टंकायलाही रोमन लिपी लागत नाही, कारण तिथे ३७ स्वतंत्र ध्वनिचिन्हं प्रचलित आहेत.

राहिलं 'फसले'. मुख्य चीनमध्ये, विशेषतः फोनवर, आज बहुतेक लोक पिनयिन वापरतात, हे मान्य. वूबी किंवा त्सांगजिए शिकायला महिनोन्महिने सराव लागतो, घटक पाडण्याचे काही नियम नुसते पाठच करावे लागतात. पण हाँगकाँगमध्ये घरची भाषा कँटोनीज आहे आणि पिनयिन मँडरिनच्या, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेच्या, उच्चारांवर बेतलेलं आहे. त्यामुळे तिथे त्सांगजिए, आणि अक्षराचा फक्त पहिला व शेवटचा घटक टंकायची तिची सोपी आवृत्ती, यांना खरा उपयोग आहे.

आणि मराठीबद्दल: देवनागरीला रोमनची कुबडी लागत नाही. इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींसाठीच्या प्रमाण कीबोर्डमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतांशी उजव्या हाताला आहेत. 'स्त्री' हवं असेल तर स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार, असं आपण जोडाक्षर घडवत जातो. हा कीबोर्ड संगणकावर आणि फोनवर आधीपासून मिळतो; सेटिंगमध्ये जाऊन सुरू करायचा, एवढंच.